काडीचं चूलबंद आवतण

माळसोंड गावच्या आठशे बारा माणसांनी एका दिवसात, वाजतगाजत, रांगेनं, स्वतःच्या पायांनी चालत येऊन नाकात काडी घालून घेतली, आणि गावाची वेस उघडली! बोला, भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!

...काय झालं? टाळ का खाली ठेवले? पखवाजवाले माझ्याकडे असे का बघतायत? बरं, बरं. आलं लक्षात. शेवट सांगून बसलो मी.

तर मंडळी, असं काहीही झालेलं नाही. मी बोललो नाही, तुम्ही ऐकलं नाही. माळसोंडची वेस बंद आहे. आडवे बांबू बांधलेत. बांबूला सरकारी कागद चिकटवलाय आणि तो कागद शेळीनं अर्धा खाल्लाय. नाकं जशीच्या तशी आहेत. ठरलं? खांबाला टेकलेले काका, तुम्हीही विसरा बरं का. झोपला होता? वा! तुमच्याइतका शिस्तीचा श्रोता नाही.

आता प्रश्न ऐका. माणूस येतो कशानं? भीतीनं येतो? भीतीनं माणूस पळतो हो! हुकमानं येतो? हुकूम ऐकला की माणूस आधी बघतो, शेजारी गेला का. शेजारी बघतो, हा गेला का. दोघंही घरात! मग कशानं येतो? गप्प का? तुम्ही आत्ता इथं कशानं आलात? ...प्रसाद आहे म्हणून? खरं बोलल्याबद्दल त्या ताईंना दोन वाट्या द्या!

तर ऐका. साथीचं वर्ष. साऱ्या मुलखाला कुलूप. माळसोंडात तुळशीदास वायदंडे नावाचा माणूस. 'नवजीवन ब्रास बँड'चा मास्तर. सात जणांचा ताफा, सगळी भावकीच. तुळशीदासच्या तोंडात क्लॅरोनेट गेलं की नवरीच्या बापाचे डोळे पहिल्या सुरालाच भरायचे. दुसऱ्या सुराला नवरदेवाचे मित्र जमिनीवर लोळायचे. ही विद्या!

आणि आता? लग्नं बंद. वराती बंद. बँडच्या लाल कोटांची भोकं वाळवीनं वाढवली. ताशावाला वीटभट्टीवर. ट्रम्पेटवाला खुरप्यावर. मोठं युफोनियम ओसरीत पडून, त्याच्या कर्ण्यात कोंबडी अंड्यावर बसली! तुळशीदासची बायको द्वारका म्हणायची, "अवो, तेवढं एकच वाद्य चालू हाय आपल्या ताफ्यात. त्यातनं काहीतरी बाहीर तरी येतंय."

अशात एक फोन आला. पलीकडच्या बेलगावातून. "मास्तर, शुक्रवारी लग्न आहे. परवानगी निघाली. पन्नास माणसांची. वाजंत्री धरून पन्नास. तुमच्या सातही जणांची नावं यादीत घातलीत." आणि यादीचा फोटोही पाठवला.

तुळशीदासनं फोटो बोटांनी मोठा केला. चौदावा आकडा. 'तुळशीदास गणपत वायदंडे.'

मंडळी, बावीस वर्षं हा माणूस लग्नात जातोय. किती लग्नं? मोजदाद नाही. पण पत्रिकेत नाव नाही, पंगतीत पान नाही. बँडवाल्यानं मांडवाच्या बाहेर थांबायचं. पाहुणे उठले की जीपच्या आडोशाला बसून जेवायचं, उरलेलं, गार. कुणाला त्यात चूक वाटली नाही. त्यालाही नाही! आणि आता सरकारनं माणसं मोजायला लावली, तेव्हा लोकांना कळलं की बँडवाला हा माणसात धरावा लागतो.

"द्वारके," तो म्हणाला, "चौदावा हाय मी. नवरीचा मामा सतरावा."

द्वारकेनं युफोनियमातली कोंबडी उचलली आणि टोपलीत ठेवली. झाला निर्णय!

पण वेस बंद! गावात बाधित सापडलेले. आणि तालुक्याहून सांगावा स्पष्ट होता. शनिवारी शाळेत तपासणी, राहिलेल्यांची बुधवारी. अख्खं गाव तपासलं, तर गुरुवारी वेस उघडेल, फक्त बाधितांची घरं बंद राहतील. एक माणूस जरी राहिला, तर आणखी चौदा दिवस बांबू! म्हणजे शुक्रवारचं लग्न गेलं, चौदावा आकडा गेला. आणि त्या जागी दुसऱ्या कुठल्या बँडचं नाव लिहिलं जाणार. भट्टीवरचा ताशावाला मग परत यायचा नाही, खुरप्यावरचा ट्रम्पेटवालाही नाही. ताफा मोडला म्हणजे मोडला!

शनिवार उजाडला. सरकारी जीप आली. जीपवर कर्णा. "माळसोंड गावातील सर्व नागरिकांना कळविण्यात येते की..."

शाळेत दोन डॉक्टर, चार नर्सबाई, पिशव्याच्या पिशव्या काड्या. मुख्य डॉक्टर शर्वरी नाडगौडा. वय अठ्ठावीस. पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखात सकाळी नऊपासून उकडत बसल्या. किती माणसं आली असतील? सांगा बरं. शंभर? पन्नास? अहो, कुणीच नाही! एक शेळी आली. तीच, कागदवाली. उरलेला कागद शोधत आली होती.

का आले नाहीत? पारावर जाऊन विचारा. एक म्हणतो, काडी नाकातून थेट मेंदूला लागते, माणूस पाढे विसरतो. दुसरा म्हणतो, मला पाढे येतच नाहीत, मला कसली भीती? पण गेला का? नाही. तिसरा म्हणतो, काडीला आधीच रोग लावून आणतात. चौथा म्हणतो, रोगच नाहीये, सगळं खोटं आहे. हा चौथा, मंडळी, सहा महिने घराबाहेर आलेला नाही! रोगच नाही असं तो खिडकीतून ओरडून सांगतो, दोन मास्क लावून!

जीप रिकामी परत निघाली. तुळशीदास शाळेच्या फाटकाशी उभा. डॉक्टरबाई घामानं निथळत म्हणाल्या, "मास्तर, तीनदा पुकारलं. प्रत्येक आळीत पुकारलं. तुमच्या गावाला ऐकू येत नाही का?"

"ऐकू येतं की, बाई."

"मग?"

"तुम्ही कुणाला बोलावलं?"

"सगळ्यांना!"

"मग बरोबर हाय," तुळशीदास म्हणाला. "सगळ्यांना बोलावलं, म्हणून कुणी आलं न्हाई. माझंच बघा. बावीस वर्षं 'वाजंत्री' म्हणून बोलावत्यात, जातो आपला. पण परवा कागदावर नाव बघितलं आणि मला वाटलं, आता वेस फोडून जावं."

आणि तुळशीदासच्या डोक्यात लख्ख पडलं.

इथं थोडं थांबा. तुमच्यात शहरातलं कुणी असेल, त्यांच्यासाठी सांगतो. माळसोंडात कुणी आपणहून कुठं जात नाही. आवतण लागतं. कार्य असलं की आठ दिवस आधी दारात येऊन, नाव घेऊन, कुंकू-अक्षता देऊन बोलवायचं. त्यातही प्रकार. 'घरटी एक' म्हटलं तर घरातला एक जण येणार. आणि 'चूलबंद' म्हटलं, तर त्या दिवशी त्या घरानं चूल पेटवायची नाही, म्हातारीपासून लेकरापर्यंत झाडून सगळ्यांनी यायचं! चूलबंद आवतण मिळून जो घरी बसला, त्यानं यजमानाचं तोंड परत बघू नये. आणि हे आवतण गावभर द्यायचा मान कुणाच्या घराण्याचा? वायदंड्यांचा! तुळशीदासचा आजा हलगी वाजवत आवतण द्यायचा. पुढं छापील पत्रिका आल्या, हलगी खुंटीला लागली.

"बाई," तुळशीदास म्हणाला, "बुधवारचं आवतण मी देतो. तुमच्या वतीनं. फक्त यजमान म्हणून नाव तुमचं घेऊ का?"

"घ्या," बाई म्हणाल्या. "पण सहा फुटांवरून!"

झालं! रविवारी सकाळी तुळशीदास निघाला. तोंडाला मास्क, कमरेला आज्याची हलगी, हातात अक्षतांची वाटी. कपाळाला हात लावायचा नाही, मग कुंकू कुठं लावायचं? दाराच्या चौकटीला! चौकटीला कुंकवाचं बोट, मग सहा पावलं मागं, आणि तिथून अक्षता फेकायच्या. क्रिकेटमध्ये फेकतात तशा! नेम चांगला. एकट्या पोस्टमनच्या चहात गेल्या.

पहिलं घर खालच्या आळीचे यशवंत अण्णा ढवळे.

"काय मास्तर, लगीन कुणाचं?"

"लगीन न्हाई अण्णा. डॉक्टरीणबाईंच्या घरचं कार्य. बुधवारी, शाळेत. यशवंतराव केरबा ढवळे, समस्त घरच्यांसह यायचं. चूलबंद!"

"चूलबंद? ताटात काय हाय?"

"काडी."

"कसली?"

"नाकातली."

अण्णांचा हात मिशीकडे. मिशीला पीळ. आता खवळणार! पण चौकटीला कुंकू लागलेलं. अंगावर अक्षता पडलेल्या. नाव घेऊन झालेलं, बापाच्या नावासकट. अण्णा खाकरले. हळूच म्हणाले, "वरच्या आळीत दिलं का?"

"न्हाई. आता जातो."

वरच्या आळीत धोंडीराम तात्या ढवळे. अण्णांचे चुलतभाऊ. तात्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? काडी दुखते का? मेंदूला लागते का? छे! "खालच्या आळीत दिलं का?"

"दिलं, तात्या."

"आमच्या आधी?"

"वाटेत घर आधी लागलं."

"मग सांगतो," तात्या उठून उभे राहिले, "पहिली काडी आमच्या नाकात जाणार! लिहून घे!"

मंडळी, ह्या दोन आळ्यांचं भांडण काय आहे? जत्रेत भैरोबापुढं पहिला नारळ कुणी फोडायचा. अकरा वर्षं वाद चालू. अकरा वर्षं तो नारळ तसाच देवापुढं. त्याला कोंब आला. कोंबाचं झाड झालं. झाडाला नारळ लागले. आता त्या नारळांतला पहिला कुणी फोडायचा, म्हणून दुसरा वाद! भैरोबा सावलीत बसलाय, त्याची काही तक्रार नाही.

तुळशीदास तीन दिवस हिंडला. एकशे त्रेसष्ट घरं. प्रत्येक घरात नाव, बापाचं नाव, चूलबंद. वाकलेली शेवंताआजी, नव्वदीची. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी दारात आली. "मला बी?"

"चूलबंद म्हणलंय, आजी."

"वीस वर्षं झाली रं. घरटी एक म्हणत्यात आणि सूनच जाती. मला कुणी धरतच न्हाई." आजीनं तिथल्या तिथं सुनेला हाक मारली. "ए, माझी नथ काढ गं ट्रंकेतनं! बुधवारी जायाचं हाय!"

आणि आला बुधवार! मंडळी, सकाळी आठ वाजता डॉक्टरबाई आल्या आणि फाटकातच थबकल्या. अख्खं गाव! ठेवणीतली लुगडी, कडक इस्त्रीचे फेटे, सहा-सहा फुटांवर चुन्याचे गोल आणि गोलात माणूस. एकाही घरातून धूर नाही. चुली बंद! तो खिडकीतला चौथाही आलेला, तीन मास्क लावून. म्हणाला, "रोग नाहीच आहे. पण बापाचं नाव घेऊन बोलावलं, मग काय करणार?"

बाईंचे डोळे भरले. पोशाखाच्या आत भरले, त्यामुळे पुसताही येईनात. "चला," म्हणाल्या, "पहिलं कोण?"

संपलं! हा प्रश्न विचारायला नको होता!

"आम्ही!" तात्या. "आवतण आधी आम्हाला! आम्ही!" अण्णा. वरची आळी तात्यांच्या मागं, खालची आळी अण्णांच्या मागं. दोघांनीही मास्क खाली ओढून नाकं पुढं केलेली! अहो, परवापर्यंत काडीचं नाव काढलं की शेतात पळणारी ही माणसं, आज काडीसाठी एकमेकांना ढकलतायत, तेही सहा फुटांवरून! काठीनं!

बाई म्हणाल्या, "दोन टेबलं आहेत, दोघांना एकदम घेते."

"कुठलं टेबल पहिलं?"

दहा वाजले. अकरा वाजले. ऊन तापलं. चुली बंद, पोटात कावळे. बाईंनी घड्याळ बघितलं. "पाचला मी पेटी बंद करणार. एकही राहिला तरी चौदा दिवस." शाळेच्या भिंतीपाशी तुळशीदास हलगी धरून उभा. शुक्रवार डोळ्यांदेखत निघाला. यादीतला चौदावा आकडा पुसट होत चाललेला. त्याला वाटलं, आपणच बोलावलं, आपल्याच आवतणानं मोडलं.

तेवढ्यात त्या आठशे माणसांतून कोण बोललं? शेवंताआजी! नाकात नथ, काठी आपटत, गोल सोडून पुढं. "आरं गप बसा! समद्यांना आवतण दिलं ते कुणी?"

"मास्तरनं," अण्णा म्हणाले.

"आणि मास्तरला कुणी दिलं?"

मंडळी, आता माझा आवाज खाली येतो. एकशे त्रेसष्ट घरं. गावात घरं किती? एकशे चौसष्ट. तुळशीदासचं स्वतःचं घर राहिलं! कारण आवतण देणाऱ्याला आवतण द्यायचं कुणी? कुणाच्या कधी मनातच आलं नाही. तुळशीदास भिंतीशी उभा होता, पण चुन्याच्या गोलात नव्हता. द्वारका तर घरीच होती. चूल पेटवलेली. बोलावलंच नव्हतं ना!

तात्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी तात्यांकडे बघितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा दोघांचीही मान एकाच बाजूला वळली, वायदंड्यांच्या गल्लीकडे. "चला," तात्या म्हणाले. "चला," अण्णा म्हणाले. कुणी आधी म्हटलं, ह्यावर वाद व्हायचा होता, पण आजीनं काठी उगारली.

दोघं निघाले! एक वाटेच्या या कडेनं, एक त्या कडेनं, मध्ये सहा फूट. मागं सारं गाव. तुळशीदास धावत पुढं जाऊन आपल्या दारात उभा राहिला, कारण आवतण घ्यायला घरचा माणूस दारात लागतो. आतून द्वारका हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "काय झालं? कोण गेलं?"

"कोण न्हाई गेलं," अण्णा म्हणाले. "तुळशीदास गणपत वायदंडे..." आणि तात्यांनी पुढचं उचललं, "...समस्त घरच्यांसह यायचं. चूलबंद."

चौकटीला कुंकवाची दोन बोटं. एक वरच्या आळीचं, एक खालच्या आळीचं. एकाच वेळी! मग सहा पावलं मागं जाऊन दोघांनी अक्षता फेकल्या.

द्वारका आत गेली. चुलीतलं लाकूड ओढलं, पाणी शिंपडलं. चूल फुस्स झाली. बाहेर येऊन म्हणाली, "अवो, उभं काय? चला की! बोलावणं आलंय आपल्याला!"

आणि मंडळी, पहिली काडी कुणाच्या नाकात गेली? अण्णांच्या? तात्यांच्या? तुळशीदास वायदंड्याच्या! तो शिंकला, आणि त्या शिंकेसरशी त्यानं हलगीवर टिपरू मारलं! ताशा कडाडला! ट्रम्पेटवाल्यानं काडी घालून घेतली आणि लगेच सूर धरला! शेवंताआजीला नर्सबाई म्हणाली, "आजी, नथ काढा." आजी म्हणाली, "उजवी नाकपुडी मोकळी हाय की! तिला काय देवानं उगाच दिलीय व्हय?" पावणेपाचला बाईंनी शेवटचं नाव लिहिलं. आठशे बारा!

नऊ जण बाधित निघाले. त्यात अण्णा एक! वेळेत कळलं म्हणून वेळेत औषध. त्यांना न्यायला गाडी आली, आणि नवजीवन बँडनं गाडी वाजतगाजत वेशीपर्यंत पोचवली. तर ज्यांचं निगेटिव्ह आलं, ते रुसले! "आम्ही काय परके? आम्हाला गाडी न्हाई?" तात्या तर बाईंना म्हणाले, "परत एकदा बघा की नीट. अण्णाला निघतंय, म्हणजे आम्हालाही निघायलाच पाहिजे." पंधराव्या दिवशी नऊच्या नऊ घरी आले. तात्यांनी अण्णांच्या घरी आवतण धाडलं, चूलबंद.

आणि शुक्रवार? वेस गुरुवारीच उघडली होती. बेलगावच्या मांडवात पन्नास पानं वाढलेली. चौदाव्या पानावर लाल कोटातला माणूस बसला. मास्कला क्लॅरोनेटपुरतं भोक पाडलेलं, ते घास घालायलाही उपयोगी आलं. भात गरम होता, मंडळी. गरम! सतराव्या पानावरचे मामा म्हणाले, "मास्तर, तूप घ्या." तुळशीदासनं भाताकडे बघितलं, आणि नवरीच्या बापाआधी त्याचेच डोळे भरले.

ती दोन बोटं आजही त्याच्या चौकटीला आहेत. दिवाळीला घर रंगवतात, चौकट रंगवत नाहीत.

आता तुमच्याकडे वळतो. हसलात ना? आता मला सांगा, त्या वर्षी आपण किती दारं लावली? आणि कुलूप निघाल्यावर किती दारांत जाऊन नाव घेतलं? 'या हं सगळे' असं ग्रुपवर टाकलं, आणि कुणी आलं नाही म्हणून गावाला नावं ठेवली! देव असा कर्णा लावून हाक मारतो का हो? तो दारात येतो, तुमचं नाव घेतो, बापाचं घेतो, आणि चूलबंद बोलावतो. मग तुमच्या कार्यात मांडवाबाहेर कोण उभं आहे, ते एकदा बघाल का? आज प्रसाद वाटताना हा पखवाजवाला आणि ती चपला सांभाळणारी बाई, ह्यांचं नाव घेऊन आधी हाक मारा. मग काका, तुम्हीही उठा. मारा हाक!

आणि जाता जाता, माळसोंड ग्रामस्थांनी माझ्याकडे दिलेला कागद वाचतो, म्हणजे मी मोकळा.

प्रति, माननीय तहसीलदार साहेब. विषय: काडीच्या कार्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर कार्य आमच्या गावी दरवर्षी चैत्रात भरविण्यात यावे. साथ पाठविण्याची आवश्यकता नाही, फक्त काड्या पाठवाव्यात. पहिला मान वायदंडे घराण्याकडे कायम ठेवून त्यापुढील मान वरच्या व खालच्या आळीस एकाच वेळी देता यावा, यासाठी शेवंताआजींच्या सूचनेनुसार उजवी आधी की डावी हा नवा वाद नको म्हणून प्रत्येक माणसास दोन्ही नाकपुड्या डाव्याच मंजूर करण्यात याव्यात, आणि त्याबाबतचा आदेश कर्ण्यावरून न पुकारता, आपण स्वतः दारात येऊन, आमची नावं घेऊन द्यावा, ही नम्र विनंती.